पानावरची लव सांगते गोत

थंडी सुरू झाली की आपल्याकडच्या बागांत वाफ्यांच्या कडेने पांढऱ्या, नाजूक फुलांची बुटकी रोपे लावतात. माळी त्यांना ‘ॲलिसम’ म्हणतो. त्याचे एखादे फूल जवळून पाहा. चार पाकळ्या फुलीसारख्या मांडलेल्या. पुंकेसर सहा, त्यांतले चार लांब आणि दोन आखूड. म्हणजे हे रोप आपल्या फोडणीतल्या मोहरीच्या कुलातले. कोबी, मुळा, नवलकोल, अळीव ही याच कुलातली मंडळी.

गंमत अशी, की हे ॲलिसम खरे ॲलिसम नव्हेच! पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की गुपित फुटते. खऱ्या ॲलिसमच्या पानावरचे केस चांदणीसारखे असतात. मधून चहूकडे फाटे फुटलेले. बागेतल्या रोपाचा केस मात्र होकायंत्राच्या सुईसारखा असतो. मध्ये टेकलेला, दोन्हीकडे टोके असलेला आणि पानावर आडवा निजलेला. शास्त्रज्ञ या रोपाला ‘लोब्युलेरिया’ नावाच्या वेगळ्या वंशात ठेवतात. अलीकडच्या डीएनए तपासणीतही ते ॲलिसमच्या गोतात बसले नाही.

फुले आणि फळे असताना केसांकडे कशाला पाहायचे? या कुलात सुमारे ४,००० जाती आहेत आणि बहुतेकांची फुले एकाच साच्यातली. म्हणून लिनीअसने १७५३ मध्ये फळांचा आधार घेतला. लांब शेंगांची झाडे एकीकडे, आखूड शेंगांची दुसरीकडे. पण फळाचा आकार बीज कसे पसरते यावरही अवलंबून असतो. त्यामुळे दूरच्या झाडांची फळे सारखी होतात, आणि सख्ख्या भावंडांची वेगळी!

या कुलातला पानावरचा केस बहुधा एकाच पेशीचा असतो, पण त्याचे प्रकार किती! मुळ्याच्या पानावरून बोट फिरवा. खरखरीत लागतात ते साधे, बिनफांद्यांचे केस. काही वनस्पतींचे केस दुबेळक्यासारखे, काहींचे झाडासारखे फांद्या फुटलेले, तर काहींचे चांदणीसारखे. दोन टोकांच्या केसांना इटालियन शास्त्रज्ञ माल्पिघी (१६२८–१६९४) यांचे नाव मिळाले आहे. आपल्या माधवीलतेच्या कुलालाही त्यांचेच नाव आहे, आणि तिथेही असे केस सापडतात.

१९७०च्या दशकात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे रीड रोलिन्स व यू. सी. बॅनर्जी यांनी ‘लेस्क्वेरेला’ वंशातील केसांची क्रमवीक्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने छायाचित्रे घेतली. चांदण्याच, पण जातीजातीत निराळ्या! कुठे किरण सुटे, कुठे पडद्याने जोडलेले. ‘फिसारिया’ या शेजारच्या वंशातही चांदण्याच होत्या. पण त्याची फळे फुगीर, जुळी, म्हणून त्याला वेगळे ठेवले होते. पुढे डीएनएचा पुरावा आला आणि २००२ मध्ये लेस्क्वेरेलाच्या बहुतेक जाती फिसारियातच घातल्या गेल्या. फळांनी दुरावलेले गोत केसांनी आधीच सुचवले होते.

मग केसांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? नाही. याच कुलातल्या ‘ॲराबिडॉप्सिस’ या प्रयोगशाळेतल्या आवडत्या रोपाच्या पानावर तीन फाट्यांचे केस असतात. पण त्याचे एकच विशिष्ट जनुक बिघडले की पान गुळगुळीत होते. म्हणजे केस नाहीत एवढ्यावरून नाते तोडता येत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दिसले, की फांद्यांचे केस या कुलात एकापेक्षा अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाले असावेत. न्यायाधीश एकाच साक्षीदारावर निकाल देत नाही. फूल, फळ, बी, केस आणि डीएनए या साऱ्यांची साक्ष घ्यावी लागते.

आता एक प्रयोग करा. मोहरीच्या पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्या. पूर्ण वाळल्यावर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून हलकेच सोला आणि ती काचपट्टीवर चिकटवून शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून पाहा. पर्णरंध्रांभोवती तीन पेशी दिसतील, आणि त्यांतली एक इतर दोघींहून लहान! मोहरी कुलाची ही नेहमीची खूण आहे. मात्र बटाट्याच्या कुलातही ती आढळते. तेव्हा निकाल देण्याची घाई नको. आधी दुसरा साक्षीदार शोधा!