आनूप देशातील मुखदूषिका : वरळीच्या दमट हवेत चिकित्सेचा विचार

आषाढ लागला की वरळी, परळ, लालबाग, दादर या भागांतील चिकित्सालयांत तरुण रुग्णांची संख्या वाढू लागते. तक्रार एकच असते, चेहऱ्यावरील मुरुमांची. बहुतेक रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी मुलतानी माती, लिंबाचा रस, टूथपेस्ट आणि औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेले एखादे क्रीम, एवढे सर्व करून चुकलेले असतात. शास्त्राने या विकाराची गणना क्षुद्ररोगांत केली आहे, हे खरे. तथापि नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या किंवा विवाह ठरण्याच्या वयातील रुग्णाला तो क्षुद्र वाटत नाही आणि चुकीच्या उपचाराने राहिलेले व्रणवस्तू तर आयुष्यभर जात नाहीत. म्हणूनच मुंबईसारख्या उष्ण व दमट प्रदेशात या विकाराची चिकित्सा कशी योजावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रीय भूमिका

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात मुखदूषिकेचे वर्णन करताना कफ, वात व रक्त या तिघांची दुष्टी सांगितली असून पिडकांना शाल्मलीच्या काट्यांची उपमा दिली आहे. वाग्भटाचार्यांनी या पिडका मेदोगर्भ असल्याचे नोंदविले आहे. सावरीच्या खोडावरील काटा ज्याने पाहिला आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे सांगावे लागत नाही. त्याचा पाया रुंद, टोक अणकुचीदार आणि स्पर्श कठीण असतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सुश्रुताच्या संप्राप्तीत पित्ताचा स्वतंत्र उल्लेख नाही. रक्त व पित्त यांचा आश्रयाश्रयी संबंध असल्याने पित्ताचा अनुबंध लाल, दाहयुक्त, पाक झालेल्या पिडकांत दिसतो, हे निर्विवाद. परंतु मुरूम म्हणजे उष्णता आणि उष्णता म्हणजे पित्त, असे समीकरण मांडून प्रत्येक रुग्णाला शीत, स्निग्ध, मधुर उपक्रम देण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिला या वर्णनात आधार मिळत नाही. काळी व पांढरी टोके असलेल्या, वेदना व दाह अल्प असलेल्या तेलकट चेहऱ्यावर असे उपक्रम केल्यास कफाचेच पोषण होते.

आधुनिक शास्त्रानुसार या विकारात चार घटना घडतात. त्वचेच्या तैलग्रंथींचा स्राव वाढतो, केशकूपाच्या मुखाशी मृत पेशींचा थर साचून मार्ग अवरुद्ध होतो, त्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जीवाणूची वाढ होते आणि शोथ उत्पन्न होतो. स्नेहाचे आधिक्य, स्रोतोरोध व रक्तदुष्टी या आपल्या परिभाषेशी हा क्रम बराच जुळतो.

देशविचार

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात आनूप देशाचे वर्णन केले आहे. समुद्रतीर, जलबाहुल्य आणि कफ-वातप्रधान व्याधी ही त्याची लक्षणे होत. पश्चिमेस अरबी समुद्र असलेली वरळी या वर्णनात चपखल बसते. मुखदूषिकेच्या संप्राप्तीतील दोष तेच आणि देशाचे दोषही तेच. समान गुणांनी वृद्धी या न्यायाने येथे हा विकार चिवट होतो.

हवेचा परिणाम प्रत्यक्ष त्वचेवर कसा होतो, हेही अभ्यासले गेले आहे. कनलिफ, बर्टन व शूस्टर यांनी १९७० साली असे दाखविले, की त्वचेचे स्थानिक तापमान १ अंश सेल्सिअसने बदलले असता तैलस्राव सुमारे १० टक्क्यांनी बदलतो. दमट हवेत घाम सुकत नाही. तो त्वचेवरच राहून केशकूपाच्या मुखाशी असलेला थर फुगवितो व आधीच अरुंद झालेला मार्ग अधिक अरुंद होतो. दुसऱ्या महायुद्धात आशियातील उष्ण व दमट प्रदेशांत पाठविलेल्या सैनिकांच्या पाठीवर व छातीवर तीव्र स्वरूपाची मुरुमे उठत असत. वैद्यकात ती उष्णकटिबंधीय मुरुमे म्हणून ओळखली जातात आणि थंड प्रदेशात परतल्याखेरीज अशा रुग्णांना सहसा उतार पडत नसे. आपल्या रुग्णाला देश सोडणे शक्य नसते. त्यामुळे देशाला अनुसरून त्याची दिनचर्या बदलणे हाच मार्ग उरतो.

गेल्या काही दशकांत यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. ज्या जागी गिरण्यांची धुराडी होती, तेथे आता वातानुकूलित कार्यालये उभी आहेत. लोकलच्या गर्दीत घामाने निथळलेला तरुण आठ-नऊ तास कोरड्या, थंड हवेत बसतो व संध्याकाळी पुन्हा दमट हवेत येतो. वरून तेलकट आणि आतून रूक्ष, ताणलेली अशी त्वचा आज वारंवार दिसते. कफासोबत वाताचा उल्लेख आचार्यांनी का केला असावा, हे अशा रुग्णांत चांगले उमगते.

कालविचार

भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० साली सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईत नैर्ऋत्य मोसमी पावसाचे आगमन सर्वसाधारणपणे ११ जूनला व निर्गमन ८ ऑक्टोबरला होते. म्हणजे जवळजवळ चार महिने येथील त्वचा ओलसर हवेत असते. सुश्रुताने संशोधनाच्या दृष्टीने सांगितलेला आषाढ-श्रावणाचा प्रावृट् ऋतू मुंबईला म्हणूनच अधिक लागू पडतो. या काळात अग्नी मंद असतो, वाताचा प्रकोप व पुढे पित्ताचा संचय होतो. त्यानंतर येणाऱ्या ऑक्टोबरच्या उन्हात संचित पित्त प्रकुपित होऊन, पावसाळ्यात केवळ बंद तोंडाच्या असलेल्या पिडका लाल होतात व पिकतात.

यावरून वर्षाची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. फाल्गुन-चैत्रात कफप्रधान, बलवान रुग्णास वमन, पावसाळ्यात दीपन, पाचन व बाह्य रूक्षण आणि शरदात विरेचन किंवा लक्षणानुसार जलौकावचारण. सुश्रुताने चिकित्सास्थानात या विकारात वमनाला दिलेले महत्त्व पाहता वसंतातील संधी दवडू नये. परीक्षांच्या हंगामामुळे विद्यार्थी तेव्हा येत नाहीत, ही अडचण खरी. म्हणून त्यांना आधीच्या पावसाळ्यातच त्याची पूर्वकल्पना द्यावी.

प्रत्येक पिडका मुखदूषिका नव्हे

चिकित्सा अपयशी ठरण्याचे एक मोठे कारण निदानात असते. दमट हवेत पुढील अवस्था मुरुमांसारख्या भासतात.

१) कपाळ, पाठ व छातीवर एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या, बारीक पिडका असून काळी-पांढरी टोके मुळीच नसतील, तर मलासेझिया या यीस्टमुळे होणारा केशकूपशोथ असण्याची शक्यता असते. प्रतिजैविकांनी तो वाढतो. पावसाळ्यात हा प्रकार विशेष आढळतो.

२) घामोळे. ते घामाच्या ग्रंथींच्या अवरोधाने होते व थंड हवेत थोड्याच दिवसांत शमते.

३) कपाळाच्या वरच्या कडेला व कानशिलांवर ओळीने उठणाऱ्या पिडका. येथे रुग्णाला केसांच्या तेलाविषयी विचारावे. रात्री तेल चोपडून झोपण्याची सवय बंद केल्याने पुष्कळदा निम्मे काम होते.

४) स्त्रीरुग्णांत हनुवटी व जबड्यावर पिडका, अनियमित रजःप्रवृत्ती आणि मुखावर वाढलेले केस असल्यास बीजकोशाच्या विकाराच्या दृष्टीने तपासणी आवश्यक आहे.

५) अकस्मात उद्भवलेल्या, एकसारख्या लाल पिडका असल्यास स्टिरॉइडचा वापर झाला आहे काय, हे खोदून विचारावे.

मोठ्या गाठी, पूयस्राव, ज्वर अथवा सांधेदुखी असेल, तसेच व्रणवस्तू वेगाने होत असतील, तर रुग्णास विनाविलंब त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. खिन्नतेने घराबाहेर पडणे टाळणाऱ्या रुग्णाकडेही तितक्याच गांभीर्याने पाहावे.

दिनचर्या : रुग्णाचे घर पाहून

पथ्य सांगताना रुग्ण राहतो कोठे, हे वैद्याने जाणले पाहिजे. वरळीच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्या अनेक पिढ्यांनी ठरावीक वेळी येणाऱ्या पाण्यावर दिवस काढले. अशा घरातील मुलाला दिवसातून सहा वेळा चेहरा धुण्यास सांगणे व्यर्थ आहे आणि अनावश्यकही. सकाळी, रात्री आणि खूप घाम आल्यानंतर एकदा, सौम्य साबणाने व साध्या पाण्याने मुख धुणे पुरेसे आहे. वारंवार धुण्याने त्वचा रूक्ष होऊन वाताला निमंत्रण मिळते. घाम स्वच्छ सुती रुमालाने टिपावा, घासू नये. रुमाल रोज बदलावा. पावसाळ्यात अर्धवट वाळलेला टॉवेल व उशीचा अभ्रा वापरू नये. दुचाकीस्वारांनी शिरस्त्राणाचे अस्तर व हनुवटीचा पट्टा नियमित धुवावा.

उद्वर्तन कफहर व मेदोविलयन करणारे आहे. मात्र पिकलेल्या पिडकांवर उटणे रगडल्यास शोथ पसरतो. ते फक्त पाठीवर, पाक नसताना आणि हलक्या हाताने वापरावे. गणेशविसर्जनातील गुलाल व नवरात्रातील प्रसाधने त्याच रात्री धुऊन काढण्यास रुग्णाला आवर्जून सांगावे.

आहारात वडापाव, फरसाण, मैद्याचे पदार्थ, गोड शीतपेये, दही व रात्री उशिराचे जेवण यांचा विचार करावा. २००७ साली ऑस्ट्रेलियात तरुणांवर १२ आठवडे केलेल्या अभ्यासात, रक्तशर्करा वेगाने न वाढविणाऱ्या आहाराने मुरुमे कमी झाल्याचे आढळले. ज्वारी-नाचणीची भाकरी, मूग, पडवळ, दुधी असा आहार परवडतो आणि पाळलाही जातो. कोळीवाड्यातील रुग्णाला मासे सोडा, असे सरसकट सांगू नये. तळलेल्याऐवजी कालवणातील ताजा मासा घ्यावा व खारविलेली सुकी मासळी कमी करावी, एवढे सांगितले तर तो ऐकतो.

बाह्य चिकित्सा

लोध्र, धने व वचा यांचा लेप शार्ङ्गधराने सांगितला असून आनूप देशात तो उपयुक्त आहे. वचा तीक्ष्ण असल्याने प्रथम कानामागे थोडासा लावून २४ तास पाहावे. पिडका लाल व दाहयुक्त असल्यास वचा वगळून लोध्रासोबत मंजिष्ठा किंवा सारिवा योजावी. लेप सुकण्यापूर्वी काढावा व रात्री लावू नये, हे शास्त्रवचन आज सर्वाधिक मोडले जाते. दमट हवेत लेप सुकण्यास वेळ लागतो, म्हणून रुग्ण तो तासभर ठेवतात. पातळ थर व १५ मिनिटे एवढी मर्यादा लिहूनच द्यावी. पिकलेल्या पिडकांवर लिंबू किंवा टूथपेस्ट लावण्यास स्पष्ट मनाई करावी.

कुंकुमादि तेलाची सध्या मोठी चलती आहे. व्यंगासारख्या विकारांत व रूक्ष त्वचेत त्याचे गुण वादातीत आहेत. परंतु तेलकट, बंद तोंडाच्या पिडका असलेल्या चेहऱ्यावर भर पावसाळ्यात कोणतेही तेल लावणे म्हणजे स्रोतोरोधात भर घालणे होय. पिडका शमल्यावर, शरद संपता संपता, डाग राहिले असतील तर त्याचा विचार करावा.

आभ्यंतर चिकित्सा

प्रथम अग्नी व कोष्ठ पाहावा. मलावष्टंभ असल्यास रात्री त्रिफळा, आम्लपित्ताचा अनुबंध असल्यास अविपत्तिकर चूर्ण, शोथ व पाक असल्यास कैशोर गुग्गुळ व महामंजिष्ठादि काढा, खाज व स्राव असल्यास गंधक रसायन, असा लक्षणानुरूप क्रम असावा. आरोग्यवर्धिनी मेदोदुष्टीत उत्तम कार्य करते. तथापि ती पारद व ताम्रयुक्त असल्याने गर्भिणी व मूत्रपिंडविकारी यांना देऊ नये आणि महिनोन्‌महिने चालू ठेवू नये. कोणतीही चिकित्सा आठ ते बारा आठवड्यांपूर्वी पारखू नये, हे पहिल्याच भेटीत सांगितलेला रुग्ण मध्येच दुसरीकडे वळत नाही.

औषधविक्रेत्यांचे दायित्व

मुरुमाचा रुग्ण वैद्यापूर्वी दुकानाच्या फळीशी उभा राहतो. तेथे बीटामेथासोन, मोमेटासोन अथवा क्लोबेटासोल असलेले क्रीम त्याला मिळाले, तर आठवड्यात चेहरा उजळतो. आणि काही महिन्यांत त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, क्रीम थांबविताच मुरुमे उसळतात. केंद्र शासनाने २०१८ साली अधिसूचना काढून १४ स्टिरॉइडयुक्त लेपनद्रव्ये चिकित्सकाच्या चिठ्ठीविना विकण्यास प्रतिबंध केला. हा नियम कागदावर न राहता गल्ल्यावर पाळला जावा.

दुसरा धोका निनावी गोरेपणाच्या क्रीमचा. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना अशा क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे आणि परळच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्यात पारा आढळल्याचे २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, नेत्रप्रसाधने वगळता, अन्य प्रसाधनांत अनवधानाने आलेला पारादेखील दशलक्ष भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व घटकद्रव्ये नसलेली डबी ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकली गेली, की तिच्या प्रत्येक बळीमागे आपल्या शास्त्राचे नाव बदनाम होते.

लेपचूर्णांबाबतही दक्षता हवी. पावसाळ्यात सुटी चूर्णे ओल धरतात व त्यांवर बुरशी येते. जून ते सप्टेंबर या काळात मोठा साठा करू नये, ५० ग्रॅमपर्यंतची हवाबंद पाकिटे ठेवावीत आणि गोळे झालेले किंवा कुबट वास येणारे चूर्ण विकू नये. दूषित चूर्णाचा लेप पिडकेवर लावला तर नवा उपद्रव निर्माण होतो.

वरळीतच १९४१ साली स्थापन झालेल्या पोदार आयुर्वेद महाविद्यालयातून वैद्यांच्या अनेक पिढ्या बाहेर पडल्या. या परिसरातील रुग्णाचा आयुर्वेदावर विश्वास आहे, तो त्यांच्या पुण्याईने. समुद्रकाठची हवा आपण बदलू शकत नाही. परंतु देश व काल ओळखून दिलेली चिठ्ठी आणि प्रामाणिकपणे चालविलेले दुकान, एवढे मात्र आपल्या हाती निश्चित आहे.