निरोप दारातूनच बरा!

शेजारच्या वहिनींचा मुलगा शिकायला जर्मनीला निघाला. घरात नुसती गडबड. बेसनाचे लाडू, मेतकूट, लोणचं... वहिनींच्या मनात मात्र एकच, ‘लेकाला पार आतपर्यंत सोडता आलं तर?’ माझा भाचा पटकन म्हणाला, ‘‘मावशी, त्यात काय? त्याच्या ई-तिकिटावर काकूंचं नाव टाकून प्रिंट काढतो. दारावर कोण बघतंय?’’

माझ्या छातीत धस्सच झालं! महिला मंडळाच्या कामासाठी पोलीस ठाण्याची पायरी मी अनेकदा चढलेय. खोटा कागद किती महागात पडतो, ते डोळ्यांनी पाहिलंय.

मैत्रिणींनो, एस.टी. स्टँडवर आपण गाडीच्या खिडकीपर्यंत जातो, हात हलवतो. विमानतळाचं तसं नाही. दारातच तिकीट आणि फोटो ओळखपत्र ताडून पाहतात. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं. त्यानंतर, २००० पासून, एकेका विमानतळाची सुरक्षा सीआयएसएफकडे आली.

खोट्या तिकिटावर एखादा आत शिरेलही. पण बाहेर कसा येणार? प्रवासी तर विमानात बसून जातो. दाराकडे परत फिरणाऱ्याला जवान हटकतात. विमान कंपनीच्या नोंदी तपासल्या की त्या नावाचा प्रवासीच नाही, हे उघड होतं. अभिमन्यूसारखी गत! दिल्ली, बंगळुरूला असे पकडले गेलेले कितीतरी जण चोर नव्हते, घरच्यांना सोडायला आलेली साधी माणसं होती.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोर्टात फौजदारी खटला चालू असला की पासपोर्टही अडू शकतो. ‘‘तुलाही पुढे परदेशी जायचंय ना?’’ असं विचारल्यावर भाचा गप्पच झाला.

काही विमानतळांवर सोडायला येणाऱ्यांसाठी रीतसर प्रवेश-तिकीट मिळतं. सुरक्षेचा इशारा असला की तेही बंद. तेव्हा आधी चौकशी करावी.

आम्ही निरोप दारातच दिला. वहिनींनी डबीतलं दही-साखर लेकाच्या हातावर ठेवलं. तो आत गेला. काचेपलीकडे दिसेनासा होईपर्यंत त्या उभ्या होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, ‘‘पोर सरळ दारानं गेलं, यातच सगळं आलं.’’