लांब कर्णावरचा उंट

राजाच्या नाही तर वजिराच्या समोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकून डाव सुरू करायचा, हा बुद्धिबळातला रुळलेला रस्ता. तो सोडणाऱ्यांचा मागोवा घेताना मी दरवेळी १८८९ च्या ॲमस्टरडॅमपाशी थांबतो. वीस वर्षांच्या इमानुएल लास्करने बाउअरविरुद्ध राजाच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि दुसरा उंट वजिराच्या बाजूच्या कोपऱ्याजवळ, लांब कर्णावर आणून बसवला. सुरुवातीला त्यात भय वाटण्यासारखं काहीच नव्हतं. पण दोन्ही उंटांचा रोख काळ्याच्या किल्लेकोटाकडे होता. पंधराव्या चालीला एक उंट बळी गेला, सतराव्या चालीला दुसरा. राजाचं छप्पर उडालं. मग पहिल्याच चालीत पुढे गेलेल्या प्याद्यामागच्या मोकळ्या घरातून हत्ती वर चढला आणि थेट राजासमोर उभा राहिला. काळ्याला वजीर द्यावा लागला. हल्ल्याची वाट पहिल्या चालीतच मोकळी झाली होती, म्हणून हा डाव मला इतका प्रिय आहे.

पण अशा सुरुवातीची किंमतही असते: वेळ. १९७० साली बेलग्रेडमध्ये सोव्हिएत संघ विरुद्ध शेष जग हा सामना झाला. पहिल्या पटावर डेन्मार्कच्या बेंट लार्सनने विश्वविजेत्या स्पास्कीविरुद्ध वजिराच्या घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवलं. उंट लांब कर्णावर आला खरा, पण एकच घोडा तीनदा हलवण्यात चाली गेल्या आणि राजा मधोमध अडकला. हल्ला मिळाला तो काळ्याला. चौदाव्या चालीला स्पास्कीने हत्ती थेट पांढऱ्याच्या कोपऱ्यात फेकला. तो मारावाच लागला आणि तेवढ्यात काळ्याचं प्यादं वजीर होण्याच्या उंबरठ्यावर पोचलं. सतराव्या चालीला डाव संपला.

त्या पराभवाचं खापर अनेकांनी पहिल्या चालीवर फोडलं. मला ते पटत नाही. चुकलं ते नंतरचं रेंगाळणं. लार्सनने पुढच्याच डावात स्पास्कीला हरवलं. त्या सामन्यात दुसऱ्या पटावर खेळलेल्या बॉबी फिशरने तर त्याच वर्षी ब्युनोस आयर्सला तुकमाकोव्ह आणि पाल्मा दे मायोर्काला फिलिप व मेकिंग यांच्याविरुद्ध तीच पहिली चाल खेळली. तिन्ही डाव त्याने जिंकले.