एका पत्त्याचे दोन धनी

भिवंडी तालुक्यात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली, तसा इथला माणूस सातबारा बारकाईने वाचू लागला. शेजारच्या दोन हिश्श्यांच्या हद्दी एकमेकींत शिरल्या तर काय होते, हे त्याला सांगावे लागत नाही. संगणकाच्या स्मृतीतही असाच हद्दीचा वाद उद्भवतो. तो निवडतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.

संगणकातला पत्ता म्हणजे नुसता क्रमांक. त्यामागे रॅमची जागा असेल किंवा एखादे कार्ड. १९८१च्या आयबीएम पीसीत एकूण पत्ते होते १०,४८,५७६. पहिले ६४० किलोबाइट प्रोग्रॅमांसाठी. उरलेले ३८४ पडदा, कार्डे आणि बायॉस यांच्यासाठी राखीव. पुढे ३२ बिटांच्या यंत्रांत पत्ते ४ जीबीपर्यंत गेले, तरी राखीव पट्टा सुटला नाही. म्हणून ४ जीबी रॅम बसवूनही अनेकांना सव्वातीनच्या आसपासच दिसे.

यंत्र सुरू होताना फर्मवेअर कर्नलला पत्त्यांचा नकाशा देते. त्यातल्या नोंदी कधी एकमेकींवर चढलेल्या असतात. तोच पट्टा एका नोंदीत मोकळा आणि दुसरीत राखीव असेल, तर लिनक्स तो राखीव मानते. असे मानण्यात चूक झाली, तर थोडी स्मृती वाया जाते. मोकळा मानण्यात चूक झाली, तर फर्मवेअरच्या जागेवर भलताच मजकूर लिहिला जातो आणि यंत्र केव्हा कोसळेल, याचा नेम राहत नाही.

त्यानंतर प्रत्येक ड्रायव्हर आपला पट्टा कर्नलच्या वहीत नोंदवायला येतो. पट्टा आधीच दुसऱ्याच्या नावे लागलेला असेल, तर त्याला नकार मिळतो. तापमान मोजणाऱ्या काही चिपांबाबत हे नेहमी घडते, कारण फर्मवेअर स्वतःच त्या चिपशी बोलत असते. ही मनाई सेटिंग बदलून उठवता येते. तापमानही दिसू लागते. पण अशा चिपला बहुधा आधी रकान्याचा क्रमांक सांगावा लागतो, मग आकडा वाचता येतो. या दोन पायऱ्यांच्या मध्ये फर्मवेअरने आपला क्रमांक सांगितला, तर ड्रायव्हर दुसऱ्याच रकान्यातला आकडा तापमान म्हणून दाखवतो. वाचण्याऐवजी लिहायचे असेल, तर पंख्याचा वेगही भलताच बदलू शकतो.

जमिनीच्या वादात मोजणीदार शेतात उतरून खुणा पाहतो. कर्नलला ती सोय नाही. त्याच्यापाशी फक्त वही असते. म्हणूनच संशय आला की तो जागा देत नाही, आणि त्या नकारावरच यंत्र सुरक्षित चालते.