पैसे गेले, कॉइन आले नाही : तक्रार कुठे आणि कशी करायची?

मागच्या काही वर्षांत नांदेड आणि लातूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना आमच्याकडे एक नवीन प्रकारची तक्रार येऊ लागली आहे. तरुण मोबाईल पुढे करतो, यूपीआयची पावती दाखवतो आणि म्हणतो, "पैसे गेले, पण कॉइन आले नाही." कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी ठेवलेली रक्कम घातलेली असते, तर कुणी आईच्या बचत गटातून उचललेले कर्ज. बहुतेक जण घरी सांगत नाहीत. लाज वाटते म्हणून महिने जातात आणि त्याच काळात पैसे परत मिळण्याची शक्यता संपत जाते. म्हणून हा विषय समजून घेणे गरजेचे आहे.

नांदेडला हे नवीन नाही

गेनबिटकॉइन हे नाव आपल्याकडच्या अनेकांना आठवत असेल. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत लोकांकडून बिटकॉइन घेतले जात आणि दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचे आश्वासन दिले जाई. म्हणजे एक बिटकॉइन दिले की दीड वर्षात १.८ बिटकॉइन परत! पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे योजनेचेच स्वतःचे टोकन लोकांच्या हातात ठेवले गेले. बाजारात त्याला फारशी किंमत नव्हती. पुण्याप्रमाणे नांदेडमध्येही गुन्हे दाखल झाले. प्रमुख आरोपी अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार ही फसवणूक ६,६०० कोटी रुपयांची आहे. नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरातील गुन्हे सीबीआयकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने ६० हून अधिक ठिकाणी छापे टाकले. योजना सुरू होऊन दहा वर्षे झाली, तरी तपास चालूच आहे.

या योजनेचा प्रसार जाहिरातीपेक्षा ओळखीतून झाला. खाली माणसे जोडली की कमिशन, हे त्याचे गणित होते. मित्र, पाहुणा, ऑफिसातला सहकारी, "आपलाच माणूस आहे" हा विश्वासच त्यांचे भांडवल होते. आपल्या समाजात पहिल्या पिढीच्या नोकरदाराकडे चार पैसे येतात आणि दहा नातेवाईक त्याचा सल्ला घेतात. तो एक फसला की त्याच्यामागे दहा घरे फसतात.

आधी प्रकार ओळखा

सगळ्या तक्रारींना एकच दार नसते. आमच्यासमोर साधारण चार प्रकार येतात.

पहिला, नोंदणीकृत एक्सचेंजवर पैसे भरले, पण ऑर्डर पूर्ण झाली नाही किंवा पैसे काढता येत नाहीत. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर सायबर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली. त्यानंतर ग्राहकांचे व्यवहार दीर्घकाळ अडकले होते.

दुसरा, टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपवरील अनोळखी विक्रेत्याला थेट पैसे पाठवले आणि त्याने कॉइन दिलेच नाही. याची उलटी बाजूही आहे. आपण कॉइन विकतो, पण समोरून आलेले पैसे दुसऱ्या कुणाची फसवणूक करून आलेले असतात. मग पोलिसांच्या सूचनेवरून बँक आपलेच खाते गोठवते.

तिसरा, अॅपच खोटे असते. स्क्रीनवर नफा दिसतो, पण काढायला गेलो की "आधी टॅक्स भरा" असे सांगतात. चौथा, दरमहा ठरावीक परताव्याची योजना.

पहिला प्रकार सेवेतील त्रुटीचा असू शकतो आणि तिथे ग्राहक कायदा उपयोगी पडतो. उरलेले तीन मुळात फसवणुकीचे आहेत. तिथे ग्राहक आयोगाची वाट न पाहता आधी पोलिसांकडे जायचे.

फसवणूक असेल तर

लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतात. ते बाहेर पडण्याआधी तक्रार पोहोचली तरच बँकेत रोखता येतात. स्वतःच्या बँकेलाही लेखी कळवा. पोलीस ठाण्यात "आमच्या हद्दीत नाही" असे सांगितले, तर झिरो एफआयआरची मागणी करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याची तरतूद आहे. ठेवी गोळा करणारी योजना असेल, तर महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजेच एमपीआयडी, लावण्याची मागणी अर्जातच करा. त्यात आरोपीची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची सोय आहे.

एक्सचेंजशी वाद असेल तर

पहिली पायरी म्हणजे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम लिहा आणि कॉइन हवे की रुपये हेही स्पष्ट लिहा. भाव रोज बदलतो, म्हणून हा मुद्दा पुढे भांडणाचे मूळ ठरतो.

उत्तर मिळाले नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मोठी सोय केली आहे. कंपनी बंगळुरूची असो की मुंबईची, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नांदेडला किंवा लातूरला, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नफ्यासाठी केलेला व्यापार हा "व्यावसायिक हेतू" आहे, त्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही, असा बचाव कंपनी घेऊ शकते. म्हणून तक्रारीचा भर भाव पडल्याच्या नुकसानीवर नको. पैसे घेऊन सेवा दिली नाही, यावर हवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात क्रिप्टो ही मालमत्ता आहे, असे म्हटले. त्याने ग्राहकाच्या बाजूला बळ मिळते.

आणखी एक गैरसमज आहे. २०२२ पासून सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेते, म्हणजे सरकारने हमी घेतली, असे एजंट सांगतात. ते खोटे आहे. कर घेणे म्हणजे संरक्षण देणे नव्हे. मार्च २०२३ पासून एक्सचेंजना मनी लाँडरिंग कायद्याखाली आणले आणि फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी आवश्यक झाली, तीही बुडालेल्या पैशाची हमी नाही.

आपण काय करू शकतो

पुरावा जपा : पावत्या, चॅट, विक्रेत्याचा नंबर, वॉलेटचा पत्ता, व्यवहाराचा हॅश. चिडून चॅट डिलीट करू नका. "पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. ही दुसरी फसवणूक असते.

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिला. चलनाच्या घोळाची झळ सामान्य माणसाला कशी बसते, हे त्यांनी अभ्यासाने मांडले. तथागतांनी दीघजाणूला सांगितले, की कष्टाने मिळवलेल्या संपत्तीचे रक्षण करणे हेही गृहस्थाचे काम आहे. आणि कालामांना सांगितले, की कुणी सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. सांगणारा आपल्याच वस्तीतला असला तरी ही पारख सोडायची नाही.

विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास या विषयाला द्या. १९३० आणि १९१५ हे दोन क्रमांक फलकावर लिहा. बँकेत किंवा कोर्टात काम करणाऱ्या आपल्या एखाद्या दादाला, ताईला अर्ज लिहून द्यायला बसवा. आणि फसलेल्या मुलाला हसू नका. तो गप्प बसला की फसवणारा पुढच्या घरी जातो.

जय भीम!