डबल बासचा खर्ज मंदावतो तेव्हा

व्हायोलिनच्या कुळातील सर्वांत थोरले वाद्य म्हणजे डबल बास. उभे धरून वाजवावयाचे हे वाद्य माणसाएवढे, किंबहुना त्याहूनही उंच असते. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत शिकलेले अनेक वादक मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गेले. त्या वाद्यवृंदांतून याचा धीरगंभीर स्वर आपल्या कानांवर पडला आहे. याच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला अवघी ४१ च्या आसपास असतात. ट्रम्पेट आणि ड्रम यांच्या गजरात हा खर्ज ऐकू यावा, म्हणून घोडीला ‘पिकअप’ नावाचे लहानसे उपकरण बसवितात. ते क्षीण होऊ लागले, की वादक घाबरून नवे उपकरण विकत घेतो. पुष्कळदा हा खर्च अनाठायी ठरतो. कारण दोष अन्यत्रच असतो.

काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांवर विद्युत्भार निर्माण होतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. बासचे बहुतेक पिकअप याच तत्त्वावर चालतात. तार कंप पावली की घोडी थरथरते, त्या थरथरीने पिकअपवरील दाब कमीअधिक होतो आणि तसतसा विद्युत्संदेश उमटतो. तो जोडतारेतून ध्वनिवर्धकात व तेथून कर्ण्यात जातो. या वाटेवर कोठेही अडथळा आला, तरी स्वर मंदावणारच.

तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, तपासणी क्रमानेच करावी. प्रथम वीज न जोडता वाद्य वाजवून पाहावे. तेव्हाही ते दुबळे वाटले, तर दोष तारांचा किंवा लाकडाचा समजावा. मग दुसरी जोडतार लावावी; नंतर दुसरा ध्वनिवर्धक. तार हलविताच खरखर होत असेल, तर प्लग सैल असतो किंवा डाख सुटलेला असतो. संदेश आधीच बळकट करणारी छोटी पेटी असेल, तर तिची ९ व्होल्टची बॅटरी बदलावी; ती संपत आली की आवाज क्षीण व फाटका होतो.

केवळ खालचेच स्वर हरवले असतील, तर ध्वनिवर्धकाचा प्रवेशरोध पाहावा. १ नॅनोफॅरड धारकतेचा पिकअप १ मेगओहमच्या वर्धकाला जोडला, तर सुमारे १५९ कंपनांखालील स्वर उतरू लागतात. बासची सर्वांत बारीक मोकळी तारदेखील ९८ कंपनांचीच. म्हणजे चारही मोकळ्या तारा या मर्यादेखाली येतात! तोच रोध १० मेगओहम केला, की मर्यादा १६ वर येते आणि खर्ज परत मिळतो. येथे पिकअप निर्दोष असतो. जोडणी तेवढी विजोड असते.

हवामानाचाही विचार करावा. पावसाळ्यात लाकूड फुगते, कोरड्या दिवसांत आकसते. घोडीच्या फटीत घट्ट बसलेला पिकअप अशा वेळी सैल होतो आणि त्याच्यावर कंपने नीट पोहोचत नाहीत. तो पुन्हा घट्ट बसविण्यासाठी चारही तारा एकदम मुळीच सोडू नयेत. घोडी चिकटविलेली नसते, ती तारांच्या ताणानेच उभी असते. वाद्याच्या पोटातील आधारकाठीही त्याच दाबावर टिकून असते. ताण गेला की दोन्ही कोसळण्याचा धोका असतो. म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे.

इतके करूनही स्वर सुधारला नाही, तर मात्र पिकअप निकामी झाला असे मानण्यास हरकत नाही. या साऱ्यात नियम एकच पाळावयाचा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर कान देऊन ऐकावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर स्वर सुधारेलही. पण दोष कोणता होता, ते कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेत तुम्ही जी शिस्त पाळता, तीच येथे वादकाचे पैसे वाचविते.