पहिला बॉम्ब तारापूरवर?

सीमेवर काही खुट्ट झालं की तारापूर अणुकेंद्राशेजारच्या चिंचणीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "युद्ध झालं तर पहिला बॉम्ब आपल्या तारापूरवर." मे 2025मध्ये नागरी संरक्षण सरावाच्या यादीत मुंबई-उरणबरोबर तारापूरही पहिल्या श्रेणीत आलं, तेव्हा तर सांगणाऱ्यांच्या हाती जणू शत्रूचीच यादी लागली. अहो, ती यादी आपल्याच सरकारची होती!

3 डिसेंबर 1971ला पाकिस्तानी विमानं आली, तेव्हा तारापूरच्या दोन अणुभट्ट्या दोन वर्षांपासून वीज देत होत्या. बॉम्ब पडले ते पठाणकोट, अमृतसर, आग्रा इथल्या हवाई तळांवर. लक्ष्य निवडणारा आधी विचारतो, हे पाडल्यानं उद्याची लढाई बदलेल का? धावपट्टी उखडली की विमानं अडकतात. आपणही कराचीत तेलाच्या टाक्याच पेटवल्या. तारापूर बंद पडून सीमेवरचा एक रणगाडाही थांबला नसता.

"पण दहशत बसेल ना!" बसेल, राजकीय किंमत मात्र हल्ला करणाऱ्यालाही मोजावी लागेल. 1981मध्ये इस्रायलनं इराकची अणुभट्टी उडवली आणि आपल्या उपखंडातही तशाच हल्ल्याची धास्ती शिरली. त्यातून 31 डिसेंबर 1988ला इस्लामाबादेत भारत-पाकिस्तान करार झाला: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. 1992पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी अक्षांश-रेखांशांसह एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिली, 2025च्या संघर्षानंतरही दिली. करार कागदच, मान्य. पण पाकिस्तानचंही अणुकेंद्र कराचीलगत समुद्रकाठीच आहे, आणि हे तिथल्या सेनापतींना कुणी सांगावं लागत नाही.

उरलेले समज थोडक्यात. तारापूरचं ठिकाण गुप्त आहे? ते आपणच दरवर्षी कळवतो. शहरांवर बॉम्ब टाकले की देश गुडघे टेकतो? जर्मनीचं शस्त्रोत्पादन बॉम्बवर्षावातही 1944च्या मध्यापर्यंत वाढत होतं. अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटते? नाही, तिच्या इंधनात तेवढं समृद्ध युरेनियमच नसतं. खरा धोका शीतकरण बंद पडण्याचा. फुकुशिमात 2011मध्ये तेच झालं. दिवे मालवले की केंद्र लपतं? उपग्रहाच्या जमान्यात नाही. आयोडीनच्या गोळ्या सगळ्या किरणोत्सारापासून वाचवतात? फक्त थायरॉइडला, किरणोत्सारी आयोडीनपासून, त्याही वेळेवर घेतल्या तर. आयोडीनयुक्त मीठ मूठभर खाऊन तेवढंही साधत नाही. रक्तदाब मात्र वाढतो.